मूकनायक ते मोबाईल : आपल्या ओळखीचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि समितीच्या पोरांनी माझ्याकडं लेख मागितला. मी काही लेखक नव्हे. शाळा नववीपर्यंत, पुढं मिल. साचा खात्यात बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा मिसरूड नीट फुटलं नव्हतं. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांत झोप असताना. तेव्हा कुठं चुकलं-माकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात माझ्याच एका लाजिरवाण्या गोष्टीपासून करतो. १९९० च्या सुमारास मिलच्या कॅन्टीनमध्ये नागपूरचं एक मोठं दैनिक यायचं. सगळे ते वाचायचे, मीही वाचायचो. पण माझ्या खिशात आपल्या चळवळीचं एक साप्ताहिक घडी करून ठेवलेलं असे. ते मी त्या मोठ्या पेपराच्या आत ठेवून वाचायचो. वरून सगळ्यांना दिसे मोठा पेपर, आत माझा. एक दिवस आमच्याच वस्तीतले एक म्हातारे कामगार मागून आले आणि म्हणाले, "कायले लपवतं बे? चोरीचा हाय काय?" मला उत्तर देता आलं नाही. कोणी मला मनाई केली नव्हती, कोणी दम दिला नव्हता, तरी मी लपवत होतो. ही लाज माझ्यात कोणी पेरली, कधी पेरली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. त्याच्याच मागं लागून मी जो इतिहास वाचला तो इथं सांगतो.

माणूस स्वतःला कसा पाहतो हे पुष्कळसं दुसरे त्याच्याबद्दल काय बोलतात, काय छापतात यावर ठरतं. आणि छापखाने कोणाच्या हाती होते? आपल्या आजा-पणज्यांच्या हाती तर अक्षरही नव्हतं. वर्तमानपत्रात महार-मांगांचं नाव आलंच तर पटकी, दुष्काळ नाहीतर चोरीच्या बातमीत. आपणही माणसं आहोत, आपलंही काही म्हणणं आहे, हे छापणार कोण?

या कामाची सुरुवात बाबासाहेबांच्याही आधी झाली होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. पुण्याला शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं. आणि आपल्या विदर्भाचे किसन फागूजी बनसोडे! मोहप्याचा हा माणूस. नागपुरात मुलींची शाळा काढली, मजुरांची संघटना बांधली आणि १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' हे पत्र सुरू केलं. ते बंद पडलं तर १९१३ साली 'विटाळ विध्वंसक', पुढं 'मजूर पत्रिका'. पैसा नाही, वाचणारे मोजके, त्यातही वर्गणी देणारे त्याहून मोजके. पत्र बंद पडायचं आणि गडी पुन्हा नवं काढायचा. बनसोडे पुढं धर्मांतराच्या प्रश्नावर बाबासाहेबांसोबत राहिले नाहीत, त्यांचा ओढा चोखामेळ्याकडं होता. म्हणून आपल्याकडं त्यांचं नाव मागं पडलं. मतभेद होते ते होते. पण पहिली वाट पाडणाऱ्याला विसरावं हे मला पटत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केलं. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा हिशेब मांडला. बहुतेक पत्रं ठराविक जातींचं हित पाहणारी आहेत, बाकीच्यांची त्यांना पर्वा नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं. धनंजय कीर यांनी चरित्रात लिहून ठेवलं आहे की 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. म्हणजे आपली बातमी तर सोडाच, आपण बोलणार आहोत एवढी सूचनासुद्धा नको! बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले, मग ज्ञानदेव घोलप यांनी पत्र सांभाळलं, आणि १९२३ मध्ये ते बंद पडलं.

नावाकडं जरा पाहा. मुक्यांचा नायक. आधी मुकेपण कबूल केलं. पुढच्या पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत', मग १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत आपल्या समाजानं स्वतःकडं कसं पाहिलं त्याचा सगळा प्रवास या पाच नावांत आहे. मला हे कोणी शिकवलं नाही, एकदा रिकाम्या पाळीत कागदावर नावं एकाखाली एक लिहिली आणि माझं मलाच दिसलं.

'बहिष्कृत भारत'चा जन्म कसा झाला तेही ऐका. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. लोक परतीच्या तयारीत होते, जेवत होते, तेवढ्यात गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. असा कोणाचाही बेत नव्हता. पण त्या एका अफवेवर लाठ्या निघाल्या आणि आपल्या बायामाणसांची डोकी फुटली. नंतर वर्तमानपत्रांतून टीका झाली ती आपल्यावरच. याला उत्तर द्यायला स्वतःचं पत्र पाहिजे होतं. चौदाव्या दिवशी, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. पैसे नसल्यामुळं लेखनिक नाही, सहायक नाही. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. एवढा मोठा बॅरिस्टर, आणि हाती बोरू घेऊन रात्र रात्र जागतो, कशासाठी? विदर्भातल्या एखाद्या खेड्यात अक्षर ओळखणारा एकच पोरगा असेल, त्यानं कंदिलाच्या उजेडात वाचावं आणि पन्नास माणसांनी ऐकावं म्हणून. माझे आजोबा अंगठेबहाद्दर होते, पण 'जनते'त काय आलं होतं ते त्यांना शेवटपर्यंत पाठ. ते सांगत, "वाचणारा पोट्टा चुकला त हटकणारे आमीच रायचो."

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडं येतो. आपला जिल्हा म्हणजे गांधीजींचा जिल्हा, असं सगळ्या देशाला माहीत. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. त्या काळी असं करायला धाडस लागत होतं, ते मान्य केलं पाहिजे. १९३६ पासून गांधीजी शेगावला राहायला आले, तेच पुढं सेवाग्राम झालं. त्यांचं 'हरिजन' साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्याहून सुरू झालं होतं, आणि त्यातले कितीतरी लेख पुढं आपल्या जिल्ह्यातूनच लिहून गेले.

एका वर्तमानपत्राच्या नावानं कोट्यवधी लोकांचं नाव बदलून टाकलं, अशी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ज्यांना नाव दिलं त्यांना विचारलं कोणी? जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत कायद्यात 'हरिजन' शब्द घालायचा प्रश्न आला. दादासाहेब गायकवाडांनी आणि बाबासाहेबांनी विरोध केला. आमच्यावर आम्हाला नको असलेलं नाव लादू नका, असा मुद्दा होता. बहुमतानं तो फेटाळला गेला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. तरी शब्द रुजला. सरकारी कागदात रुजला, शाळेत रुजला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या तोंडात रुजला. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या बाया पाहुण्याला पत्ता सांगताना स्वतःच "हरिजन मोहल्ल्यात या" म्हणत. जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नये अशी सूचना केंद्र सरकारनं १९८२ साली काढली. सभात्यागानंतर चव्वेचाळीस वर्षांनी!

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण स्वतः आपलं नाव घेतलं. बौद्ध. आपल्या जिल्ह्यातून माणसं बैलबंडीनं, रेल्वेनं, पायी गेली. परत येऊन घरातले देव नदीत सोडले. पुढच्या लेकरांची नावं बदलली. दगडू, कचरू, धोंडी गेले, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता आल्या. पण पेपरवाल्यांनी आणि सरकारनं काय केलं? 'नवबौद्ध' म्हणाले. आता सत्तर वर्षं होत आली. माझ्या नातवाचा जन्म बौद्धाच्या घरी, त्याच्या बापाचा आणि माझाही. तरी आम्ही नव! किती पिढ्यांनी माणूस जुना होतो, हे एकदा कोणी सांगावं.

२०१८ साली नवी गोष्ट झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एक प्रकरण गेलं होतं. त्यानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना 'दलित' शब्द टाळण्याची सूचना केली. त्यावर आपल्यातच दोन तट पडले. कोणी म्हणे बरं झालं, आपण बौद्ध आहोत. कोणी म्हणे 'दलित' हा शब्द पँथरनं लढून कमावला आहे, तो सरकारनं का काढून घ्यावा? मी स्वतःला बौद्धच म्हणवतो. पण दुसऱ्याच्या तोंडचा त्यानं स्वतः निवडलेला शब्द काढून घ्यायचा अधिकार मंत्रालयाला नाही, असं माझं मत आहे. १९३८ च्या भांडणाचा मुद्दा तोच होता.

नावानंतर बातमी. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीला जातात. कितीतरी वर्षं मुंबईच्या पेपरात दुसऱ्या दिवशी काय यायचं? वाहतुकीची कोंडी, दादरचा कचरा, रेल्वेत विनातिकीट गर्दी. त्याच मैदानावर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात आणि फाटक्या चपलेचा माणूस जेवणाचे पैसे वाचवून पुस्तकं घेऊन जातो, त्याचा फोटो मी फार उशिरा पाहिला. आमच्या घरची बाई १९९६ ला पहिल्यांदा गेली होती. परत आल्यावर शेजारच्या पोरीनं विचारलं, "काकू, तिथं म्हणे लय घाण करता तुमी लोक?" त्या पोरीचा काय दोष? तिनं वाचलं तेच विचारलं.

आणि खैरलांजी. ते लिहिताना आजही हात थांबतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखाबाई, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. मोठ्या वर्तमानपत्रांत महिनाभर तिला जागा मिळाली नाही, आणि सुरुवातीच्या काही बातम्यांत तर अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला. जमिनीची वाट, साक्ष दिल्याचा राग, जात, सगळं बाजूला. मेलेल्या बाईचीच बदनामी. नोव्हेंबरात आपले लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कॅमेरे आले. पण मग दाखवलं काय, तर जळते टायर. वर यामागं नक्षलवादी असल्याची भाषा राज्यकर्त्यांकडून झाली. आमच्या खात्यातला एक चांगला दोस्त, कायम सोबत डबा खाणारा, मला म्हणाला, "तुमचे लोक फार तोडफोड करतात यार." मी त्याला विचारलं, खैरलांजीत काय झालं ते तुला माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. टायर माहीत होते.

आपण नुसते रडतच बसलो असंही नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव फिरली, मग कॅसेटी आल्या आणि जयंतीला प्रत्येक वस्तीत भीमगीतं वाजू लागली. वर्तमानपत्र ज्याला वाचता येत नव्हतं त्या माउलीला सगळा इतिहास गाण्यातून पाठ झाला. राज्य सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढले, त्याचं संपादन नागपूरच्या वसंत मून यांनी केलं. मून साहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे जुने अंक धुंडाळून १९९० मध्ये पुस्तकरूपानं आणले, म्हणून माझ्यासारख्या साचेवाल्याला ते वाचायला मिळाले. पुढं 'सम्राट'सारखी आपली दैनिकं निघाली, नागपुरातून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा या वाहिन्या आल्या. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर वाहून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब दिसतात. ते पाहून थिएटरात मी रडलो, हे पोरांना सांगितलेलं नाही.

आता राहिला मोबाईल. आज कोणत्याही संपादकाची परवानगी लागत नाही, जो तो छापतो. बाबासाहेबांना जे हवं होतं तेच झालं म्हणावं, तर रोज सकाळी माझ्या फोनवर बाबासाहेबांच्या फोटोखाली अशी वाक्यं येतात जी त्यांनी कधी लिहिलीच नाहीत. पाठवणारे आपलेच. वीरेश्वराच्या देवळाची आवई गावात पोचायला घटकाभर तरी लागली असेल, आता तेवढाही वेळ लागत नाही. गेल्या वर्षी असाच एक निरोप आपल्या वस्तीत फिरला आणि जयंतीच्या मिरवणुकीआधी दोन्हीकडची पोरं हातात काठ्या घेऊन उभी राहिली. निरोप खोटा निघाला, ते तरी नशीब.

त्या रात्री माझा नातू म्हणाला, "आबा, हे बाबासाहेबानं खरंच लिवलं काय?" मी त्याला घेऊन विहारात आलो आणि कपाटातले खंड काढले. दोघं तासभर शोधत बसलो. ते वाक्य काही सापडलं नाही, पण शोधता शोधता पोरानं 'बहिष्कृत भारत'ची चार पानं वाचली. आता दर रविवारी वंदनेनंतर आम्ही कपाट उघडं ठेवतो. कोणाच्या फोनवर काही आलं असेल, तर त्यानं ते घेऊन यावं, मिळून शोधू. खंडांचे तीन भाग कोणीतरी वाचायला नेलेले आहेत, त्यांनी ते तेवढे परत आणून द्यावेत.