वाचणे आणि उमगणे : इंग्रजीच्या वर्गाचा इतिहास



कारखान्याच्या फाटकाजवळ एक फळा असतो. त्यावर लावलेल्या कागदांकडे कामगार येता-जाता पाहतात. १९४६ साली औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात असे सांगितले होते की, मंजूर झालेले नियम मालकाने इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, अशा दोन्ही भाषांत लावले पाहिजेत. १९४८ च्या कारखाने कायद्यातही सूचनांविषयी याच अर्थाचे कलम होते. या कलमांतील 'समजणाऱ्या' हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. कामगाराला इंग्रजी अक्षरे लावता येतात की नाही हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. त्याला काय समजते, हे विचारले.

कायद्याला सुचलेला हा प्रश्न आमच्या शाळांतील इंग्रजीच्या वर्गाने दोनशे वर्षांत किती वेळा विचारला, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही शिक्षक नव्हे, पदवीधरही नव्हे. इंग्रजीत आलेली करारपत्रे आणि नोटिसा कामगारांबरोबर बसून वाचण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या कामातून हा विषय आमच्यापुढे आला, आणि त्याचे मूळ शोधता शोधता तो इतिहासात गेला.

मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षणाची घडी एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, म्हणजे १८१९ ते १८२७ या काळात बसू लागली. १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तिलाच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळाले. या पहिल्या पिढीची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिने इंग्रजी आणि मराठी यांना एकमेकींच्या शेजारी बसविले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, त्यात एका स्तंभात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. ज्याला इंग्रजी अर्धेमुर्धे येत होते, त्याने एका बाजूला अडावे आणि दुसऱ्या बाजूला नजर टाकून पुढे जावे, अशी ती सोय होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. हे सारे अर्थ उमगावा म्हणून केलेले काम होते.

तरी वाद लवकरच निराळ्या वळणावर गेला. १८३५ साली मेकॉलेचे टिपण आले. १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी हे इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषेतून ज्ञान द्यावे या मताचे. पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि इंग्रजी ही परीक्षेची व नोकरीची किल्ली झाली. तेव्हापासून आजवर आम्ही 'इंग्रजी हवे की मराठी' हा वाद मोठ्या हिरिरीने घालीत आलो. वर्गात बसलेल्या मुलाला समोरचे पान कळले की नाही, हा प्रश्न त्या गर्दीत मागे पडला.

महात्मा फुल्यांचे उदाहरण येथे घ्यावे. मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले आणि थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी वाचले. ते परीक्षेसाठी नेमलेले नव्हते. वाचलेले त्यांनी आपल्या भोवतालच्या समाजाला लावून पाहिले, आणि त्यातून केवढे कार्य उभे राहिले हे आपण जाणता. याच फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, त्यात भर होता तो रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहातही इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे. इंग्रजी शिका, पण आधी सर्वांना लिहिता-वाचता येऊ द्या, असे हे दुहेरी धोरण होते. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' पत्रातून कामगारांचे प्रश्न मराठीत मांडले.

आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याचा इंग्रजी वाचनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेतील गोष्ट वाचून तिचा मथितार्थ सांगता येत नाही, त्याला परक्या भाषेतील सांगता येणे शक्य नाही. गाभा शोधणे, कारण ओळखणे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, या सवयी एकदाच लागतात आणि त्या भाषेबरोबर बदलत नाहीत.

आता प्रत्यक्ष वर्गात काय चालले होते ते पाहू. हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांवर महाराष्ट्राच्या पिढ्या पोसल्या. सुभेदार रामजी सकपाळांनी आपल्या भीमाकडून हीच पुस्तके कसून करून घेतली, हे डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. भाषांतर पद्धतीला आज नावे ठेवण्याची रीत आहे. तिचा गुण असा की, वाक्याचा अर्थ लावल्यावाचून विद्यार्थ्याची सुटका नव्हती. दोष असा की, वाक्य सुटे असे. दहा वाक्यांचा मिळून एक विचार होतो, हे तिच्यात क्वचितच शिकवले जाई.

त्यावर उतारा म्हणून प्रत्यक्ष पद्धती आली. वर्गात मराठीचा शब्द काढावयाचा नाही, वस्तू दाखवून इंग्रजी शब्द शिकवावयाचा. व्याकरणाच्या पुस्तकामुळे घरोघर ठाऊक झालेले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. खुर्ची दाखवता येते. परंतु 'जोपर्यंत' आणि 'नाहीतर' हे कसे दाखवावयाचे? ज्या शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी अस्खलित, त्याच्या वर्गात ही पद्धत शोभली. इतरत्र तिचा परिणाम असा झाला की, मुलाला न कळलेले विचारण्याची भाषाच वर्गातून हद्दपार झाली.

या काळातील सर्वांत शहाणा विचार ढाक्याहून आला. तेथे शिक्षणखात्यात असलेले मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यांनी विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला. पॉलिसी मध्येच सोडली तर हातात जी रक्कम पडते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हातात इंग्रजीची किती सरेंडर व्हॅल्यू पडते, असे त्यांनी विचारले. त्यांचे उत्तर असे की, मोडके बोलणे थोड्या दिवसांत विसरते. समजून वाचण्याची शक्ती मात्र जितकी आली तितकी उपयोगी पडते. म्हणून त्यांनी वाचनमाला रचल्या, त्यांत नवा शब्द अंतराअंतराने आणला आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटवला. शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या गरिबाच्या मुलाला नजरेपुढे ठेवून अभ्यासक्रम आखावा, हा विचार आम्हांला युनियनच्या माणसाला शोभेल असा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि आपणही त्याच व्यवस्थेत आलो. १९५४ साली इंग्रजी माध्यमाच्या शाळांत इतर मुलांना प्रवेश बंद करणारा सरकारी हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे पाचवीपासून इंग्रजी रूढ झाले, आणि २००० सालच्या जूनपासून रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झाले. आठवी, पाचवी, पहिली! आमचे सारे भांडण इंग्रजी कोणत्या इयत्तेत सुरू करावे याचे होते. सुरू केल्यावर ते समजते कसे, यावर इतके भांडण कधी झाल्याचे आम्हांला तरी दिसत नाही.

याचा परिणाम परीक्षेतील उताऱ्यात दिसतो. एक गंमत करून पाहू. समजा, उतारा असा आहे : 'चिंगू भुरड्या टोपरात झुरंडला, म्हणून त्याचे मगळे खरपले.' प्रश्न : चिंगू भुरड्या कोठे झुरंडला? उत्तर : टोपरात. दुसरा प्रश्न : त्याचे काय खरपले? उत्तर : मगळे. दोन्ही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. आणि अर्थ कोणालाच ठाऊक नाही, कारण अर्थ नाहीच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधावा आणि ती ओळ उतरून काढावी, ही युक्ती हजारो मुलांना साधली आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. जे मागितले ते त्यांनी दिले.

मग समजणे कशाने येते? १९८६ साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी ते एका गुणाकारात मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखता येणे ही एक संख्या. ती भाषा कानावर पडली असता समजणे ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन. एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. आमचा मुलगा खडाखडा वाचतो आणि त्याला काही कळत नाही, त्याचे गणित हे आहे. दुसरी गोष्ट शब्दांची. कोणाच्या मदतीवाचून उतारा नीट समजायचा तर शंभरांतले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असे या विषयाच्या संशोधकांनी मोजून सांगितले आहे. मुलाला शंभरांतले सत्तर येतात आणि आम्ही त्याच्यापुढे तोच उतारा ठेवतो.

तिसरी गोष्ट वाक्याच्या ठेवणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते. आम्ही 'टेबलावर' म्हणतो, इंग्रज 'वर' आधी म्हणतो आणि टेबल मागून आणतो. शब्दामागून शब्द लावणारा मुलगा येथे घसरतो, आणि मोठी माणसेही घसरतात. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, बोनसविषयी इंग्रजी नोटीस लागली. 'मे बी कन्सिडर्ड' एवढे तीन शब्द होते. बोनस मिळणार अशी वार्ता पाळीभर पसरली. 'मे' म्हणजे विचार करता येईल, केला तर केला. 'शॅल' असते तर करावाच लागला असता. या दोन लहान शब्दांतील अंतर म्हणजे कित्येक घरांतली दिवाळी होती.

तेव्हापासून आम्ही कागद वाचण्याची एक रीत ठेवली आहे. आधी मराठीत बोलावयाचे, हा कागद कशाबद्दल असावा? मग प्रत्येक वाक्याचे क्रियापद शोधून खाली रेघ ओढावयाची. 'नॉट', 'अनलेस', 'मे', 'शॅल' यांभोवती गोल. मग एकाने ते कलम आपल्या शब्दांत मराठीत सांगावयाचे आणि दुसऱ्याने शंका काढावयाची. शेवटी मूळ इंग्रजी पुन्हा एकदा वाचावयाचे. पुढे वाचनात आले की, शिक्षणशास्त्रज्ञही वर्गासाठी बहुतेक हेच सांगतात : पूर्वज्ञान जागे करा, वाचण्याआधी प्रश्न द्या, स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, पुन्हा वाचा.

पूर्वज्ञानाची गोष्ट शिरोळकरांना समजावून सांगावी लागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्या घरातील मुलाला 'क्युसेक' आणि 'डिस्चार्ज' हे शब्द कोशात पाहावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांना गेले की धोक्याची पातळी, हे त्याला तोंडपाठ असते. कृष्णा-पंचगंगेच्या पुराची इंग्रजी बातमी त्याच्यापुढे ठेवा. अनोळखी शब्दांतूनही तो वाट काढील, कारण विषय त्याचा आहे. त्याच मुलाला बर्फावरून घसरण्याच्या खेळावरचा उतारा द्या आणि म्हणा, याचे इंग्रजी कच्चे. कच्चे काय होते, इंग्रजी की आमची निवड?

कोणी म्हणेल, मराठीचा आधार दिला की मुले इंग्रजीत पोहणारच नाहीत. बेंगळुरूच्या बाजूला १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतील नकाशे आणि वेळापत्रके देऊन त्यांवर कोडी सोडवायला लावली. मुलाचे मन अर्थात गुंतले की भाषा मागोमाग येते, हे त्यामागचे तत्त्व होते. जयसिंगपूर स्थानकावरील गाड्यांचे वेळापत्रक घेऊन हा धडा कोणत्याही शाळेत उद्या सुरू करता येईल. मराठीचा आधार हा पोहणाऱ्याच्या पाठीवरचा भोपळा आहे. तो कायमचा बांधावयाचा नसतो. पण पहिल्याच दिवशी भोपळ्यावाचून डोहात ढकलणे हेही शिकवणे नव्हे.

इंग्रजी माध्यमाकडे धावणाऱ्या आईबापांना आम्ही हसत नाही. ती धाव पोटासाठी आहे. परंतु माध्यम कोणतेही असो, वर्गात मूल समजून वाचते की नाही हे पाहावे लागेलच. संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्या न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. न्यायालय जवळ आले, ही मोठी गोष्ट झाली. आता जमिनीचा, नोकरीचा, नुकसानभरपाईचा निकाल जवळच्या गावी मिळेल, आणि तो इंग्रजीत असेल. तो वाचून आपल्या बापाला सांगणारे मूल याच तालुक्यातील शाळांतून निघावयाचे आहे.

त्यासाठी आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक शाळेत सोप्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी असावी आणि ती कुलपात नसावी. आठवड्यातून एक तास मुलांनी नुसते वाचावे, त्यावर परीक्षा नको. उताऱ्याखाली निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर उताऱ्यातून उतरून काढता येणार नाही. आणि तो मराठीत लिहिले तरी गुण मिळावेत. शिक्षकांवर इतर कामांचे ओझे आहे याची आम्हांला जाणीव आहे. ते कमी करण्यासाठी आमची संघटना त्यांच्या बाजूने उभी राहील.

आपणांपैकी जे आईबाप आहेत, आजीआजोबा आहेत, त्यांच्याकडे एक काम आहे, आणि त्याला इंग्रजी येण्याची गरज नाही. मूल इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसले की त्याला जवळ बोलवा आणि म्हणा, 'बाळ, यात काय लिहिलंय ते मला आपल्या भाषेत सांग.' ते अडखळेल. त्याला थोडा वेळ द्या, आणि पुन्हा विचारा.