घरभर वाय-फाय : मेशचे नोड कुठे ठेवावेत



माधव नगरातील आपल्या अनेक घरांत आज आई-वडील उज्जैनला आणि मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशात अशी स्थिती आहे. मुलांशी बोलणे, डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला, बँकेचे व्यवहार हे सारे वाय-फायवर चालते. मागच्या खोलीत मोबाइलचे नेटवर्क मिळत नसेल, तर रात्री-अपरात्री वाय-फाय कॉलिंग हाच आधार असतो. म्हणून ज्येष्ठ मंडळी जिथे झोपतात त्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचणे ही गरज आहे. सभासदांच्या सोयीसाठी याबाबतची माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

मेश म्हणजे काय?
मेशमध्ये एक मुख्य नोड फायबरच्या मोडेमला जोडतात व बाकीचे नोड घरात इतरत्र ठेवतात. सर्वांचे नाव आणि पासवर्ड एकच असतो. घरात फिरताना फोन आपोआप जवळच्या नोडवर जातो.

खरेदीपूर्वी
मोडेमजवळ उभे राहून वेग मोजावा. तिथेच तो कमी असेल तर अडचण लाइनची किंवा प्लॅनची आहे, नोड घेऊन ती सुटणार नाही. तिथे वेग चांगला असेल तर प्रत्येक खोलीत मोजून आकडे कागदावर मांडावेत. कमतरता कोणत्या खोलीत आहे ते लगेच दिसते.

अडथळे
२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीत लवकर क्षीण होते. जुन्या घरांच्या जाड भिंती, सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे मुख्य अडथळे. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर म्हणजे पत्रा आणि पाणी दोन्ही. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवर व्यत्यय येतो.

जागा कशी निवडावी?
१. वाय-फाय येत नाही त्याच खोलीत नोड ठेवू नये. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? मुख्य नोड आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर ठेवावा.
२. दोन नोडांमध्ये शक्यतो एक, फार तर दोन भिंती असाव्यात. दारे एका रेषेत असतील तर त्या रेषेचा फायदा घ्यावा.
३. वरच्या मजल्यासाठी नोड जिन्याजवळ ठेवावा. जिन्याच्या मोकळ्या जागेतून लहर स्लॅबपेक्षा सहज जाते.
४. नोड चार-पाच फूट उंचीवर, उघड्यावर असावा. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा कपाटात नको.
५. फोनमधील वाय-फाय मोजण्याच्या अ‍ॅपने नोडच्या जागी मुख्य नोडचा सिग्नल पाहावा. आकडा उणे असतो आणि ओव्हरड्राफ्टसारखाच, उणे जितके कमी तितके बरे. उणे ६५ डीबीएमपर्यंत ठीक, उणे ७५ च्या पलीकडे कॉल तुटण्याची शक्यता वाढते.
६. गरजेपेक्षा जास्त नोड घेऊ नयेत. ते एकमेकांनाच अडथळा करतात. आधी दोन लावून पाहावेत.

जोडणी
नोड एकमेकांशी वायरलेसने जोडले की प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो. दोन बँडच्या स्वस्त संचात तो निम्म्यावरही येतो. शक्य असेल तर लॅन केबल टाकावी. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. घराची डागडुजी किंवा रंगकाम निघालेच असेल तर त्याच वेळी पाइपातून ती ओढून घ्यावी. मेश बसल्यावर मोडेमचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे, नाहीतर फोन जुन्याच नावाला चिकटून राहतो.

वीज गेल्यावर
मोडेम, मुख्य नोड आणि मधला नोड या तिघांनाही बॅकअप हवा. एकही बंद पडला तर पुढची साखळी तुटते. नोड इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा. छोटा यूपीएस घेताना व्होल्ट व अँपिअर अ‍ॅडाप्टरवर छापलेल्या आकड्यांशी जुळवून घ्यावेत.

शेवटची तपासणी
सर्व दारे बंद करून, ज्येष्ठांच्या पलंगावर बसून दहा मिनिटे व्हिडिओ कॉल करून पाहावा. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून एक साधा कॉलही लावावा. मग मेन स्विच बंद करून हेच पुन्हा करावे. दोन्ही वेळा आवाज स्पष्ट आला तर नोडची जागा योग्य आहे. तरीही सारी भिस्त वाय-फायवर ठेवू नये. शेजाऱ्यांचा क्रमांक आणि आपत्कालीन ११२ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळ लावावा.