हत्यारे, घरगुती : मांडणी व साठवण (केडगाव–नगर परिसर)

घरातील किरकोळ दुरुस्ती, वाहनाची देखभाल व परसातील कामे यांसाठी लागणारी हातहत्यारे गंजू न देता, जागच्या जागी ठेवण्याची रीत. ही नोंद अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव उपनगर व त्याच्या आसपासची खेडी यांपुरती आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात असून त्याचा येथे संबंध नाही. मोटारीसाठी बंदिस्त खोली या भागातील घरांना क्वचितच असते. त्यामुळे हत्यारे जिन्याखाली, माळ्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा दुचाकीच्या डिकीत सापडतात.

जुनी व्यवस्था : बलुतेदारीत बहुतेक हत्यारे कारागिराची असत. वाकस, किकरे, पटाशी, रंधा, गिरमिट सुताराकडे. ऐरण, घण, सांडशी, भाता लोहाराकडे. बलुतेदारीतील देण्याघेण्याचे विस्तृत वर्णन त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात आले आहे. कुणब्याच्या घरी कुऱ्हाड, विळा, खुरपे, कुदळ, टिकाव, पहार एवढीच सामग्री असल्याने साठवणीचा प्रश्न फारसा नव्हता. विळे-खुरपी छपराच्या वाशात खोचत, कुऱ्हाड पाते भिंतीकडे करून दाराआड टेकवत, बारीकसारीक वस्तू माळवदाच्या घरातील कोनाड्यात किंवा फडताळात जात. दांडे बहुधा बाभळीचे असत. नगरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून दांडा ढिला होतो. मग कुदळ रात्रभर पाण्यात भिजत घालतात. हा इलाज चार दिवसांचा असतो. लाकूड पुन्हा वाळले की पाते पुन्हा हलू लागते. पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

पाने : घरगुती संग्रहाचे स्वरूप दुचाकीने बदलले. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लुना ही पियाज्जिओच्या ‘चाओ’ मोपेडवर बेतलेली होती व तिचा कारखाना नगर–दौंड रस्त्यावर होता. प्लग काढून घासणे, चेन ताणणे, ब्रेकची तार आवळणे ही कामे मालक स्वतःच करू लागला, तेव्हा पकड, पेचकस व पाने हा किमान संच घरात आला.

दुतोंडी पान्यांचा प्रचलित आठ नगी संच असा : ६–७, ८–९, १०–११, १२–१३, १४–१५, १६–१७, १८–१९, २०–२२ (मापे मिलिमीटरमध्ये, नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर). बोलताना पान्याचे नाव मापाच्या जोडीनेच घेतात : ‘दहा-अकरा दे’, ‘बारा-तेरा कुठंय?’ सहा मिमी व्यासाच्या बोल्टचे डोके बहुधा दहाचे असते. आठ मिमी बोल्टचे डोके युरोपीय प्रघातानुसार तेराचे, तर जपानी प्रघातानुसार बाराचे. जपानी सहकार्याने तयार झालेल्या मोटरसायकलींमुळे बाराचे तोंड अधिक झिजते, असे गॅरेजवाले सांगतात. संच मापांच्या क्रमाने लावला की कमी असलेला पाना तत्काळ दिसतो. डब्यात एकत्र टाकला की दिसत नाही. बारा-तेरा हरवल्याचे त्याच दिवशी कळते, सहा-सात हरवल्याचे वर्षभर कळत नाही. कॅनव्हासची कप्पे शिवलेली गुंडाळी दुचाकीसाठी सोयीची. भिंतीवर मात्र खाचा पाडलेली लाकडी पट्टी अधिक चांगली, कारण पाना उचलताना व ठेवताना आकडा वाचता येतो. झिजलेल्या तोंडाचा पाना संचात ठेवू नये. तो नटाचे कोपरे गोल करतो आणि मग नट कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

कानशी व धारेची हत्यारे : कानशी एकमेकींवर कधीही ठेवू नयेत, दाते दात्यांवर घासून बोथट होतात. आयटीआयच्या फिटर विभागात हा नियम अगदी सुरुवातीला शिकवतात आणि घरी तोच आधी मोडतो. प्रत्येक कानस वेगळ्या खाचेत किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात सरकवून ठेवावी. कानशीला तेल लावू नये, लोखंडाचा कीस त्याला चिकटून दाते भरतात. तारेच्या ब्रशने झाडणे पुरे. पटाशीच्या धारेला कापड गुंडाळावे. व्हर्नियर, गुण्या यांसारखी मापाची साधने हातोडीच्या कप्प्यात नसावीत.

मांडणीची साधने : पाच कप्प्यांची उघडणारी पत्र्याची पेटी सर्वांत रूढ. खिळे, स्क्रू, वॉशर यांसाठी डालड्याचे डबे होते, आता आइस्क्रीमचे डबे व बरण्या आहेत. प्लायवर हत्याराची बाह्यरेषा रंगवून त्यावर ते टांगण्याची पद्धत कारखान्यांतून घरी आली. जपानी ‘फाइव्ह एस’ शिस्तीचा तो एक भाग. जुन्या मातीच्या भिंतीत रावळप्लग धरत नाही, तेथे लाकडी गट्टी चुन्यात बसवून मग खिळा मारावा लागतो.

गंज : नगर पर्जन्यछायेत असल्याने कोकणाइतका त्रास नाही. तथापि हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो आणि पावसाळ्यात येथेही ती पातळी सहज ओलांडली जाते. पेटी फरशीवर न ठेवता विटांवर ठेवावी. युरिया व इतर खतांची पोती त्याच खोलीत असतील तर हत्यारे लवकर खराब होतात, कारण खते ओल धरतात आणि धातूलाही खातात. शेतकरी घरांत हीच चूक सर्वाधिक आढळते. गाडीचे जळके ऑइल चोपडावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. पेटीत कापूर ठेवण्याचा प्रघात काही घरांत आहे.

खंडेनवमी : आश्विन शुद्ध नवमीस (काही घरी दसऱ्यास) सर्व हत्यारे बाहेर काढून, धुऊन-पुसून, ओळीने मांडून पूजा करतात; त्या दिवशी ती वापरत नाहीत. संकलकाच्या मते या परिसरातील साठवणीची सर्वांत भरवशाची पद्धत हीच. वर्षातून एकदा प्रत्येक पकड, प्रत्येक पाना हाताखालून जातो, गंज दिसतो, ढिला दांडा कळतो, मोजदाद होते आणि शेजारी गेलेली पहारही आठवते. सण म्हणून करतात, त्यामुळे टाळाटाळ होत नाही. ओले हळदकुंकू मात्र दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचा हात फिरवला पाहिजे. पात्यावरचे डाग पुष्कळदा पूजेचेच असतात.

बागेची अवजारे : माती धुऊन, वाळवून ठेवावीत.

उसनवारी : हत्यारे गंजण्यापेक्षा देण्याघेण्यात अधिक जातात. कारखान्यात कामगार आपला क्रमांकाचा बिल्ला देऊन हत्यार नेतो आणि ते परत येईपर्यंत बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर राहतो. घरी शेजाऱ्याकडून बिल्ला मागणे शक्य नसते. म्हणून मुठीला ठळक रंगाचा पट्टा ओढतात किंवा दांड्यावर पंचने आद्याक्षरे ठोकतात. रंगाचा पट्टा असला तर पुढच्या खंडेनवमीला दुसऱ्याच्या ओट्यावरही आपला पाना ओळखू येतो.