केसपेपरवरचा सिकलसेल

शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ सालचे स्वामी विवेकानंदांचे भाषण आठवते. त्याच वर्षी त्याच शहरात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचे अधिवेशन भरले होते, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. तिथे झाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकी-तज्ज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. माणसे कशाने मरतात हे सर्व देशांनी एकाच पद्धतीने लिहावे, म्हणजे तुलना करता येईल, एवढाच तिचा हेतू. ती यादी वाढत वाढत पुढे आयसीडी, म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, झाली. १९४८ साली सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंबरोबर आजारांनाही क्रमांक मिळू लागले.

बर्तियाँच्या यादीत सिकलसेल नव्हता. असणार तरी कसा? तो कागदावर आला अकरा वर्षांनी, आणि योगायोग असा की पुन्हा शिकागोतच. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वीस वर्षांचा वॉल्टर क्लेमेंट नोएल डिसेंबर १९०४ मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही तांबड्या पेशी लांबट, वाकड्या दिसल्या. त्याने तसे लिहिले आणि शेजारी पेशींचे चित्रही काढले. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. हेरिक यांचे मला कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी: त्यांनी निदान ठोकून दिले नाही. पेशी विळ्याच्या आकाराच्या दिसल्या, असे लिहून प्रश्न मोकळा ठेवला. ‘सिकल सेल अॅनिमिया’ हे नाव व्हर्न मेसन यांनी १९२२ साली दिले. नोएल तोवर हयात नव्हता. मायदेशी दवाखाना चालवत असताना १९१६ साली तो न्यूमोनियाने गेला, बत्तिसाव्या वर्षी. हा न्यूमोनिया लक्षात ठेवा.

पुढचे शास्त्र झपाट्याने उलगडले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकता स्पष्ट केली. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडूनही आले तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. वाहक बहुधा आयुष्यभर धडधाकट राहतो. रुग्णाच्या बारीक रक्तवाहिन्यांत विळ्यासारख्या पेशी अडकतात आणि हाडे फोडल्यासारखी कळ उठते. तिलाच क्रायसिस म्हणतात.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत सिकलसेल सापडला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, ते काम नागपूरचे. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके तपासण्या केल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पूर्व विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी बरीच वर्षे काढली. तिथे सर्वांत जास्त वेळा वाचलेले दोन शब्द म्हणजे ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’. गावपातळीवरची सोपी चाचणी नळीतल्या द्रावणाच्या गढूळपणावर चालते. पण वाहकाचे रक्तही द्रावण गढूळ करते आणि रुग्णाचेही. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत. ती झाली नाही, किंवा होऊनही तिचा निकाल केसपेपरवर उतरला नाही, तर धडधाकट मुलगी लग्नाच्या बोलण्यात ‘आजारी’ ठरते आणि खरोखर आजारी मुलगा ‘नुसता पॉझिटिव्ह’ म्हणून घरी जातो.

हा गोंधळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात घाईने कायदे करून कृष्णवर्णीयांच्या तपासण्या झाल्या, त्यातल्या काहींत वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ झाली. धडधाकट वाहकांना विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत सिकलसेलला ‘डी ५७’ हे घर मिळाले. डी ५७.० म्हणजे क्रायसिससह, .१ म्हणजे क्रायसिसविना, .३ म्हणजे वाहक. रुग्ण आणि वाहक यांच्यात अंतर एका अंकाचे. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेली मुले आपल्याकडे पुष्कळ. त्यांना जागतिक आवृत्तीत डी ५७.२ मिळतो. अमेरिकी आवृत्तीत हाच क्रमांक वेगळ्या जोडीचा आहे आणि सिकल-थॅलेसेमियाला डी ५७.४. अमेरिकी बिलांसाठी कोडिंग शिकून आलेली आपली मुलेमुली इथे हमखास अडखळतात. १ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आहे, तिच्यात क्रमांक पुन्हा बदलले.

कोडरने निदान करायचे नसते, डॉक्टरांनी लिहिले त्यालाच क्रमांक द्यायचा. फाइलमध्ये ‘एसएस’चा अहवाल टाचलेला असला तरी निदानाच्या रकान्यात नुसते ‘अॅनिमिया’ असेल, तर क्रमांक पडतो डी ६४.९. कोणता अॅनिमिया, ते कायमचे पुसले जाते. मृत्यूच्या दाखल्यात तर हे फारच होते. रुग्णालयातील मृत्यूसाठी प्रपत्र ४ असते. त्यात वरच्या ओळीत तात्काळ कारण आणि खाली त्यामागचे मूळ कारण लिहायचे. मृत्यूची तऱ्हा, म्हणजे हृदय बंद पडणे वगैरे, लिहू नये असे प्रपत्रावरच छापलेले आहे. तरी खालची ओळ कोरी राहते. वर ‘न्यूमोनिया’ लिहिलेले असते. मग सांख्यिकीत तो न्यूमोनियाच. नोएलपासून शंभर वर्षे उलटली तरी सिकलसेलचे मृत्यू असे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात, आणि खाते रिकामे दिसले की औषधे व तपासणीयंत्रे मागायला आधार उरत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रुग्णांचा समावेश झाला, वाहकांचा नाही. म्हणजे त्या एका अंकावर आता दाखला आणि सवलती अवलंबून आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. सात कोटी निकाल, म्हणजे सात कोटी नोंदी.

आमच्या विभागातल्या एका बाईंनी यावर साधा उपाय केला होता. बाजारातून एक रबरी शिक्का करून आणला. त्यात चार चौकोन: एए, एएस, एसएस, सिकल-थॅलेसेमिया. खाली चाचणीचे नाव आणि तारीख. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तो मारायचा, डॉक्टरांनी फक्त खूण करायची. सुरुवातीला डॉक्टरांनी कुरकुर केली. एके दिवशी शिक्का कुठे सापडेना, तेव्हा त्याच डॉक्टरांनी वॉर्डातून माणूस पाठवला, शिक्का मागायला.