जुन्या मोटारीतील इंजिनबदल: आधी कागद, मग पाना

तापीकाठचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले, तरी महाराष्ट्राची हद्द तेथून जवळ आहे आणि शहरात मराठी भाषकांची वस्ती जुनी आहे. तेथील जुन्या मोटारीच्या मालकासमोर सुट्या भागांसाठी दोन वाटा असतात. दक्षिणेला इच्छापूरमार्गे जळगाव-भुसावळ आणि उत्तरेला असीरगड ओलांडून खंडवा-इंदूर. या दुसऱ्या वाटेने इंदूरच्या पुढे गेल्यावर पीथमपूर लागते. एका नावाजलेल्या भारतीय मोटारीच्या इंजिनबदलाचा संबंध याच औद्योगिक वसाहतीशी आहे. जुन्या, दमदार मोटारीत वेगळे इंजिन बसवण्याचे नियोजन कसे करावे, हे समजून घेण्यास म्हणूनच हा पट्टा चांगला नमुना ठरतो. कायदा केंद्राचा असल्यामुळे तेथे जे लागू पडते, तेच गोव्यातील मालकालाही लागू पडते.

इंजिन बॉनेटखाली मावले की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मावणे ही सर्वांत सोपी बाब असते. नोंदणी, गिअरबॉक्स, उष्णता, ब्रेक आणि वायरिंग यांचा विचार आधी न झाल्यास चांगली चालती मोटार गॅरेजच्या कोपऱ्यात सुटी होऊन पडते. कधी ती रस्त्यावर येते, पण कायद्याच्या दृष्टीने तिथे चालवण्यास अपात्र ठरते.

कारखान्याने केलेला बदल

हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये बाजारात आली. तिचा सांगाडा ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७० च्या दशकातील मोटारीवर आधारलेला होता. लांब बॉनेट, ऐसपैस अंतर्भाग आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे ती वेगवान मोटार भासे. मात्र तिच्यातील १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन अँबॅसडरच्या घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या जुन्या रचनेचे होते. त्याची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती होती. देह मोठा आणि दम अपुरा, अशी तिची अवस्था होती.

पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचे १,८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन त्याच मोटारीत बसवले. ही इंजिने पीथमपूरच्या कारखान्यात तयार होत. ताकद सुमारे ८८ अश्वशक्तीवर गेली आणि चार गतींच्या जागी पाच गतींचा गिअरबॉक्स आला. हेच इंजिन नंतर अँबॅसडरलाही मिळाले. मुंबईच्या प्रीमियर कंपनीनेही १९८० च्या दशकात याच वाटेने ११८ एनई ही मोटार आणली. फियाट १२४ च्या घडणीचा सांगाडा आणि त्यात निसानचे १,१७१ घनसेंटिमीटरचे इंजिन, अशी तिची जुळणी होती.

या उदाहरणांतून एक धडा स्पष्ट होतो. कॉन्टेसाच्या कारखान्याने केवळ इंजिन बदलले नाही. त्याला साजेसा गिअरबॉक्स दिला आणि तयार झालेल्या संपूर्ण मोटारीची विक्री तिच्या नव्या वर्णनानिशी केली. खासगी गॅरेजमध्ये नेमक्या याच गोष्टी बहुधा सुटतात.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हे या विषयाचे मूळ आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ कायद्यात आले. परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इंजिनाच्या बाबतीत यातून तीन प्रकार पडतात. पहिला, त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन. यात घनक्षमता, इंधन आणि अश्वशक्ती तीच राहते, बदलतो तो फक्त इंजिन क्रमांक. नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता, इंजिनाच्या खरेदीची पावती आणि वाहनाची तपासणी यांच्या आधारे नवा क्रमांक प्रमाणपत्रात चढवून घ्यावा लागतो. वाहनावर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची संमतीही लागते.

दुसरा प्रकार इंधन बदलण्याचा. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर चालण्यासाठीच्या रूपांतराला कायद्यात स्वतंत्र वाट आहे. त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मान्यता दिलेला संच वापरावा लागतो आणि तो अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो.

तिसरा प्रकार भिन्न जातीचे, अधिक घनक्षमतेचे इंजिन बसवण्याचा. बहुतेक हौशी मालकांच्या मनात हाच असतो आणि कायद्याची अडचणही येथेच उभी राहते. १,४८९ घनसेंटिमीटर अशी नोंद असलेल्या कॉन्टेसात १,८१७ घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन बसवले, तर ते त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या मोटारीचे असूनही त्या विशिष्ट वाहनाच्या नोंदीशी जुळत नाही. कंपनीला जे करता आले, ते मालकाला आपोआप करता येत नाही. म्हणून एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी होकाराला पुढे काही किंमत उरत नाही.

मोटारीच्या भविष्यातील मूल्याचाही विचार येथेच करावा. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट आहे. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठतील. मूळ इंजिन भंगारात दिलेल्या मोटारीला त्या वेळी हे दार बंद असेल.

राज्याची सीमा आणि इंजिनाचा क्रमांक

बऱ्हाणपूरसारख्या सीमेवरच्या शहरात मोटार एका राज्यातली आणि इंजिन दुसऱ्या राज्यातले, असे सहज घडू शकते. गोव्यातही कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबईहून आणलेल्या जुन्या मोटारींबाबत तीच स्थिती असते. दुसऱ्या राज्यात नोंदलेली मोटार १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास कलम ४७ नुसार नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. त्या वेळी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि चॅसिस व इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष पडताळले जातात. आधीच्या मालकाने गुपचूप बदललेले इंजिन याच पडताळणीत उघड होते आणि त्याचा मनस्ताप नव्या मालकाला भोगावा लागतो.

त्यामुळे मोटार विकत घेतानाच इंजिनावर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. सुटे इंजिन घेताना ते कोणत्या वाहनातून निघाले, त्या वाहनाची नोंदणी रद्द झाली आहे का आणि विक्रेता रीतसर पावती देतो का, हे पाहावे. क्रमांक घासलेला दिसल्यास सौदा तेथेच थांबवावा. ते इंजिन चोरीच्या वाहनाचे असण्याचा धोका असतो.

मापे आणि जुळणी

परवानगीचा प्रश्न सुटल्यावर टेप हाती घ्यावी. इंजिनाची लांबी पुढच्या पुलीपासून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत मोजावी. तळाचे ऑइल चेंबर पुढच्या आडव्या तुळईला आपटते का, सायलेन्सरचा फाटा स्टिअरिंगच्या दांड्याजवळून जातो का, बॉनेट बंद होते का, हे तपासावे. इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे रबरी आधार, सांगाड्याच्या मजबूत भागावरच यायला हवेत. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत वाढलेल्या मोटारीचा पत्रा आणि चॅसिस गंजले आहेत का, हे इंजिन आणण्यापूर्वी पाहावे. गंजलेल्या सांगाड्यावर जास्त ताकदीचे इंजिन म्हणजे पोकळ भिंतीवर मजला चढवणे होय.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्यास मध्ये जोडपट्टी लागते. लेथवर बनवलेली ही पट्टी इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या अक्षांना तंतोतंत एका रेषेत आणणारी असावी. यात किंचित चूक राहिली, तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकर जाते. इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेणे म्हणूनच बहुधा शहाणपणाचे ठरते. मग प्रोपेलर शाफ्टची लांबी नव्याने ठरवून त्याचे संतुलन करून घ्यावे लागते.

दात्यांचे गणित

मागच्या आसाचे गुणोत्तर हा विषय अनेकदा विसरला जातो. समजा, टायर एका फेरीत १.८५ मीटर अंतर कापतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला मोटार मिनिटाला सुमारे १,३३३ मीटर जाते, म्हणजे चाक ७२० फेरे घेते. मागच्या आसाचे गुणोत्तर ४ असेल आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये थेट जोडणी असेल, तर इंजिन मिनिटाला २,८८० फेरे घेईल. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८५ असल्यास हाच आकडा सुमारे २,४५० वर येतो. पाच गतींच्या गिअरबॉक्समुळे महामार्गावर फरक का पडतो, हे यावरून कळते.

डिझेल इंजिन बसवताना हे गणित अधिकच महत्त्वाचे असते, कारण त्याची फेऱ्यांची मर्यादा पेट्रोल इंजिनापेक्षा कमी असते. मागचा आस तोच राहिला, तर मोटार मध्यम वेगालाच कुंथू लागते.

उष्णता आणि ब्रेक

इंधनातून निघणाऱ्या ऊर्जेचा जवळपास एक तृतीयांश भाग पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो. ५० अश्वशक्तीसाठी केलेला रेडिएटर ८८ अश्वशक्तीला पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. बऱ्हाणपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. तेथून इंदूरकडे जाताना आधी सातपुडा आणि नर्मदा ओलांडल्यावर सिमरोलच्या बाजूचा घाट चढावा लागतो. गोव्यातील मालकाला हीच परीक्षा चोर्ला आणि अनमोड घाटांत द्यावी लागते. गॅरेजच्या दारात तासभर सुरू ठेवलेले इंजिन थंड राहिले, म्हणून घाटात ते थंड राहीलच असे नाही. रेडिएटर, पंखा आणि हवेचा मार्ग यांचा हिशेब चढावरच्या सर्वांत वाईट दिवसासाठी करावा.

ब्रेकबाबत तडजोड नसावी. वेग ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेला, तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. डिझेल इंजिनात आणखी एक धोका लपलेला असतो. ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पेट्रोल इंजिन आपसूक पुरवते. डिझेल इंजिन ती तशी देत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. तो विसरला, तर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर यांचे काम इंजिन बसवण्याच्या आधी पूर्ण करावे, नंतरसाठी ठेवू नये.

इंधन आणि वायरिंग

कार्ब्युरेटरच्या काळातील मोटारीत इंजेक्शनचे इंजिन बसवायचे, तर त्याचा संगणक, सेन्सर, पूर्ण वायरिंग आणि किल्लीशी जोडलेली इमोबिलायझर यंत्रणा सोबत मिळायला हवी. एक जरी दुवा तुटला, तरी इंजिन सुरू होत नाही. कार्ब्युरेटरच्या पंपाच्या अनेक पट दाब देणारा पंप लागतो, म्हणून जुन्या नळ्याही बदलाव्या लागतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जात असल्याने जुन्या रबराची जागा इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी घेणे तसेही आवश्यक झाले आहे.

कामाचा क्रम

नियोजनाचा क्रम असा असावा. प्रथम परिवहन कार्यालयाचे लेखी उत्तर. मग विमा कंपनीला लेखी कळवणे, कारण न सांगितलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. त्यानंतर सांगाड्याची तपासणी, ब्रेक, रेडिएटर आणि सर्वांत शेवटी इंजिन. खर्चाचा अंदाज करताना इंजिनाची किंमत ही केवळ सुरुवात समजावी. लेथकाम, शाफ्ट, रेडिएटर, वायरिंग आणि दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या कामांसाठी रक्कम राखून ठेवावी. जुने इंजिन खरेदी करताना प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गरम झाल्यावरचा ऑइलचा दाब मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परिवहन कार्यालयाने नकार दिला, तरी मार्ग संपत नाही. मूळ इंजिनाचे बोअर करून नवे पिस्टन बसवणे, शिसेविरहित पेट्रोलला टिकतील अशा कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट घालणे, कार्ब्युरेटर आणि प्रज्वलन यंत्रणा नीट लावणे, एवढ्याने जुन्या मोटारीचा गमावलेला दम बराचसा परत येतो. तिच्या आरसी बुकातला क्रमांकही तोच राहतो. मूळ इंजिन काढावे लागलेच, तर ते तेल लावून, गुंडाळून, कोरड्या जागी जपून ठेवावे. पुढच्या मालकाला ती मोटार पूर्ववत करायची झाल्यास त्याला पहिल्यांदा तेच लागेल.