टाकीच्या भिंती

अवकाशयान ढकलणाऱ्या विद्युत-थ्रस्टरचा निळसर झोत देखणा दिसतो, पण त्याच्या अभ्यासकांचा निम्मा जीव गेला तो झोतापायी नव्हे, जमिनीवर ज्यात त्याची चाचणी होते त्या निर्वात टाकीच्या भिंतींपायी. क्लीव्हलंडच्या लुईस केंद्रात हॅरॉल्ड कॉफमन यांनी 1960च्या सुमारास पाऱ्याच्या वाफेवर चालणारा आयन थ्रस्टर उभा केला. धनभारित आयन नुसतेच बाहेर फेकत राहिले, तर यान ऋणभारित होऊन त्यांना माघारी ओढणार. म्हणून झोतात इलेक्ट्रॉन सोडावे लागतात. निर्वात टाकीत हे जमायचे. पण झोत धातूच्या भिंतीवर आदळला की भिंतही इलेक्ट्रॉन पुरवते. मग श्रेय थ्रस्टरला द्यायचे की भिंतीला? निवाडा झाला 20 जुलै 1964 रोजी, जिथे भिंतीच नाहीत त्या अवकाशात. सर्ट-1 यानावरचा दुसरा थ्रस्टर शॉर्ट सर्किटमुळे सुरूच झाला नाही. कॉफमन यांचा मात्र अर्धा तास चालला आणि त्याने रेटा दिला. तेवढ्याने शंका फिटली.

जमिनीवरच अवकाशासारखी स्थिती हवी तर टाकी मोठी करा, पंप वाढवा, असे कुणी म्हणेल. तसे केलेही गेले. पण कितीही उपसा, थोडा वायू उरतोच, आणि गोम तिथेच आहे. वेगवान आयन संथ अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतो. तो अणू आता संथ आयन होतो आणि थ्रस्टरच्या तोंडाशी आयनांना वेग देणाऱ्या ऋणभारित जाळीकडे ओढला जाऊन तिला कुरतडतो. टाकीत उरलेल्या वायूमुळे असे भटके आयन वाढतात. अर्थात अवकाशातही ते असतातच, कारण थ्रस्टरमधूनही काही अणू तसेच निसटतात. 1970च्या सर्ट-2 यानाचे दोन्ही थ्रस्टर काही महिन्यांनी बंद पडले ते अशाच झिजेने: जाळीचा तुकडा सुटून दोन जाळ्यांच्या मध्ये अडकला. यानाला गिरकी दिल्यानंतर, 1974 मध्ये, एका थ्रस्टरमधला हा अडथळा निघालेला आढळला!

म्हणून 1998च्या डीप स्पेस-1 यानावर झेनॉनच्या थ्रस्टरशेजारी, झोताच्या बाहेर, हे भटके आयन मोजणारी उपकरणे बसवली. टाकी तरीही सुटली नाही, आणि सुटायलाही नको होती. झिजलेली जाळी उघडून पाहायची तर थ्रस्टर हाताशी हवा. त्या यानाचा राखीव थ्रस्टर कॅलिफोर्नियातील टाकीत 30,352 तास चालवला. पण झोताने भिंतीचा धातू उडून थ्रस्टरवर बसू नये म्हणून तिथे आतून ग्रॅफाइटचे पत्रे लावावे लागले, आणि त्यांचाही कार्बन थोडाथोडा उडून जाळीवर बसतच राहिला.