पाहण्यानेही झिजतो वारसा
ध्वनिप्रकाशाच्या खेळापासून लेण्यांच्या प्रतिकृतींपर्यंत : वारसास्थळांवरील तंत्रज्ञानाची सत्तर वर्षे

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उन्हातून आलेल्या माणसाला सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावू लागले, की गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाची झुकलेली मान, हातातले कमळ आणि खाली वळलेली दृष्टी हळूहळू उमटू लागते. मंद प्रकाशाची सवय होण्यासाठी मानवी डोळ्याला काही मिनिटे लागतात. पूर्ण सरावायला तर वीस ते तीस मिनिटे. गर्दीच्या दिवशी एवढा वेळ लेण्यात थांबणे कोणालाच शक्य नसते. मग 'इथे आणखी दिवे का लावत नाहीत?' असा प्रश्न हमखास विचारला जातो.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर जगभरच्या वारसास्थळांपुढील मोठ्या पेचाशी जोडलेले आहे. प्रकाश वाढवला तर रंगांना धोका आणि प्रेक्षक वाढले तर लेण्यातील हवेला. दारे बंद केली, तर ज्यांच्या करातून ही स्थळे जपली जातात त्यांनाच त्यांचे दर्शन दुर्लभ होते. या पेचातून वाट काढण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत तंत्रज्ञानाचे नाना प्रयोग झाले. त्यांपैकी काहींनी वास्तूला बोलके केले, काहींनी तिचे ओझे हलके केले, तर काहींनी तिलाच अपाय केला.

रात्रीचा खेळ, भिंतींचा पडदा

ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचा जन्म फ्रान्समधला. ल्वार नदीच्या खोऱ्यातील शांबोर या राजवाड्यात १९५२ मध्ये पॉल रोबेर-हूदँ यांनी असा पहिला खेळ सादर केला. नट नाहीत, रंगमंच नाही; अंधारात उभी असलेली वास्तू हेच प्रमुख पात्र. दिव्यांचे झोत कधी मनोऱ्यावर, कधी खिडकीवर पडत आणि ध्वनिक्षेपकांतून निवेदन व संगीत ऐकू येई. ही कल्पना झपाट्याने पसरली. इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडसमोर १९६१ मध्ये असा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर तो आला.

भारतात पुढे या प्रकाराला ओळखीचे आवाज लाभले. हैदराबादजवळच्या गोवळकोंडा किल्ल्याची कथा अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सांगितली गेली. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील कार्यक्रमात आवारातला पिंपळ निवेदक होतो आणि त्याला आवाज दिला तो ओम पुरी यांनी. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्रीविजयपुरमला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना हा पिंपळ चांगला परिचयाचा आहे.

अलीकडे साध्या दिव्यांच्या झोतांची जागा संगणकाच्या साह्याने भिंतीच्या आकाराबरहुकूम टाकल्या जाणाऱ्या चित्रांनी घेतली आहे. गुजरातमधील मोढेरा येथे अकराव्या शतकातील सूर्यमंदिरावर सौरऊर्जेवर चालणारा त्रिमितीय प्रक्षेपणाचा कार्यक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. लाल किल्ल्यावरही २०२३ मध्ये 'जय हिंद' हा नवा कार्यक्रम आला. त्यात प्रक्षेपणाच्या जोडीला प्रत्यक्ष कलावंतही होते.

अशा खेळांचा खरा उपयोग कोठे होतो, याचे उत्तर पुण्याच्या शनिवारवाड्यात मिळते. १७३२ मध्ये बांधून झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तटबंदी, दिल्ली दरवाजा, कारंजी आणि जोती तेवढी उरली. जेथे मजलेच उरलेले नाहीत, तेथे दिवसा गेलेल्या पाहुण्याला चौथऱ्यांवरून काय कळणार? या वाड्यात दाखवल्या गेलेल्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाने नाहीशा झालेल्या वास्तूची निदान कल्पना उभी केली.

याउलट जेथे वास्तू स्वतःच बोलते, तेथे जपून पावले टाकावी लागतात. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी दूरवर, उंचावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते. ती ऐकण्यासाठी विजेची गरज नाही, गरज आहे ती शांततेची.

कानाशी बोलणारा वाटाड्या

योगायोग असा, की ज्या १९५२ साली शांबोरला दिव्यांचा खेळ सुरू झाला, त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात पाहुण्यांच्या कानाशी बोलणारे यंत्र अवतरले. निवेदन लघुलहरींवरून प्रक्षेपित होई आणि पाहुणे गळ्यात अडकवलेल्या छोट्या रेडिओवर ते ऐकत. एकाच वेळी सर्वांना तेच ऐकू येत असल्याने सारा जथा एका दालनातून दुसऱ्या दालनात जणू कवायत करीत सरके. पुढे कॅसेट आली, मग अंक दाबून हवे ते ऐकवणारे यंत्र आले आणि आता क्यूआर कोड टिपून मोबाइलवर माहिती मिळवता येते.

या प्रवासात प्रेक्षकाला एक मोलाची गोष्ट मिळाली : स्वतःच्या गतीने आणि स्वतःच्या भाषेत पाहण्याची मुभा. त्याची किंमतही आहे. माहिती मोबाइलच्या पडद्यावर असेल, तर नजर भिंतीवरून पडद्यावर उतरते. म्हणूनच कोठे पाहायचे ते सांगून गप्प बसणारे निवेदन उत्तम, हा साधा नियम या क्षेत्रात आजही लागू पडतो.

श्वासाचे ओझे

ध्वनिप्रकाशाचा खेळ बाहेरून पाहायचा असतो. चित्रित गुहांच्या बाबतीत मात्र प्रेक्षकाला आत जावेच लागते आणि तेथेच अडचण सुरू होते. माणसाच्या श्वासातून कर्बवायू व बाष्प बाहेर पडते, अंगातून उष्णता बाहेर पडते आणि पायांबरोबर धूळ व जिवाणू आत येतात. बंदिस्त गुहेत हे सारे साचत जाते.

फ्रान्समधील लास्कोची गुहा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. चार मुलांना १९४० मध्ये सापडलेली ही गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. हिमयुगातील माणसाने रंगवलेले बैल आणि घोडे पाहण्यासाठी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास रोज बाराशेच्या आसपास लोक येऊ लागले. काही वर्षांतच भिंतींवर हिरवे शेवाळ दिसू लागले, पाठोपाठ पांढरे स्फटिक जमू लागले. अखेर १९६३ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. मूळ गुहेपासून सुमारे दोनशे मीटरवर उभारलेली 'लास्को दोन' ही प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली आणि अत्याधुनिक साधनांनी घडवलेली 'लास्को चार' २०१६ मध्ये.

या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गुहा बंद झाल्यानंतर कित्येक वर्षांनी, हवेचे नियमन करणारी यंत्रणा बदलण्यात आली आणि त्या सुमारास, २००१ मध्ये, आत बुरशी झपाट्याने पसरली. प्रेक्षक नसतानाही गुहा आजारी पडली. संरक्षणासाठी आणलेले यंत्रही पुरेशा अभ्यासाविना बसवले तर धोकादायक ठरू शकते, हा धडा तज्ज्ञांना तेव्हा मिळाला.

स्पेनमधील अल्तामिरा गुहेच्या शेजारीही २००१ मध्ये प्रतिकृती उभी राहिली. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये खुली झाली. भिंतीचा कणन् कण संगणकाने टिपून ती घडवण्यात आली. 'नकलेला कोण जाईल?' ही शंका लास्कोच्या प्रतिकृतींनी केव्हाच खोटी ठरवली आहे. तेथे पर्यटकांचा ओघ कायम राहिला.

आधी पडदा, मग लेणे

अजिंठ्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा प्रयोग चीनमध्ये झाला. रेशीम मार्गावरील दुनहुआंग येथील मोगाव लेणी ही बौद्ध चित्रपरंपरेचीच शाखा. ज्या प्रेरणा भारतातून मध्य आशियामार्गे पूर्वेकडे गेल्या, त्यांचा बहर वाळवंटाच्या कडेला कोरलेल्या या शेकडो लेण्यांत दिसतो. तेथील भिंतींत क्षार मुरलेले आहेत. लेण्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६२ टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतील ओलावा शोषून विरघळतात; हवा कोरडी झाली, की पुन्हा त्यांचे स्फटिक होतात आणि या चक्रात रंगाचा थर सुटू लागतो. अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेबरोबर १९८९ पासून चाललेल्या अभ्यासातून लेण्यांची प्रेक्षक पेलण्याची क्षमता ठरवण्यात आली.

त्यानुसार २०१४ मध्ये लेण्यांपासून काही अंतरावर प्रेक्षक केंद्र सुरू झाले. पाहुण्याने वेळ आधी नोंदवायची, केंद्रात प्रथम इतिहासावरील चित्रपट पाहायचा, मग घुमटाकार पडद्यावर लेण्यांची अंतर्भागातील चित्रे मोठ्या आकारात न्याहाळायची आणि त्यानंतर बसने लेण्यांकडे जायचे. प्रत्यक्ष लेण्यांत छोट्या गटांनी, मार्गदर्शकाबरोबर, मोजकीच दालने दाखवली जातात. दिवसाची मर्यादा सहा हजार प्रेक्षकांची ठेवण्यात आली. २०१६ पासून तीस लेण्यांची तपशीलवार छायाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येऊ लागली.

यातला विचार असा, की प्रेक्षकाला माहिती आणि तपशील आधीच मिळाले, तर लेण्यात त्याला कमी वेळ पुरतो आणि तो वेळ तो केवळ पाहण्यात घालवतो. चित्रपट लेण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर पूर्वतयारी म्हणून दाखवला जातो.

अजिंठ्याचा अनुभव

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली, तेव्हापासून अजिंठ्याच्या चित्रांना पाहणाऱ्यांचा आणि जपणाऱ्यांचाही जाच सोसावा लागला आहे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. बेसाल्ट खडकावर माती व तंतुमय पदार्थांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग, अशी त्यांची रचना असल्याने ती विशेष नाजूक आहेत. चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावले. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी गिलावा सावरला खरा, परंतु लाखेचा जो थर चढवला तो पुढे पिवळट पडला. तो उतरवण्याचे काम नंतरच्या पिढ्यांकडे आले.

नकलांचेही दैव खडतर निघाले. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाल्या. पुढे गुलाम याझदानी यांनी हैदराबाद संस्थानातर्फे चित्रांचे सचित्र खंड प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी झगझगीत दिवे न वापरता, अत्यल्प प्रकाशात ही चित्रे छायाचित्रांत उतरवली. अंधारात दडलेले मूळ रंग त्यामुळे जगापुढे आले.

प्रेक्षकांसाठीही बदल झाले. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांपासून खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर दूर, फर्दापूरजवळच्या तिठ्यावर अडवण्यात येऊ लागली आणि तेथून बसची सोय झाली. चित्रित लेण्यांत फ्लॅशवर बंदी आली. जपानच्या अर्थसाह्यातून उभारलेले भव्य पर्यटक केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. क्रमांक १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे साकारल्या होत्या. दुनहुआंगच्या केंद्राच्या आधी, त्याच विचाराने झालेला हा प्रयत्न. मात्र वीज आणि पाण्याची बिले थकल्याने काही वर्षांतच, २०१८ मध्ये, केंद्राला टाळे लागले. कल्पना चांगली होती, इमारतही उभी राहिली. परंतु मूळ लेण्यांकडे जाणारा प्रवाह केंद्रातूनच वळवण्याची आणि रोजचा खर्च भागवण्याची व्यवस्था टिकली नाही.

तंत्रज्ञान कशासाठी?

या सर्व उदाहरणांतून एक कसोटी हाती लागते. आणलेल्या साधनामुळे वास्तूवरील भार कमी झाला का आणि प्रेक्षकाचे पाहणे अधिक सखोल झाले का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तर ते साधन उपकारक. केवळ रोषणाई वाढली आणि वास्तू नुसता पडदा होऊन राहिली, तर तो खेळ कोठेही करता आला असता. यंत्र बसवण्याइतकेच ते वर्षानुवर्षे चालवण्याला महत्त्व आहे, हेही अजिंठ्याच्या केंद्राने दाखवून दिले.

प्रकाशाचा हिशेब तर अगदी कठोर आहे. नाजूक रंगचित्रांसाठी संग्रहालयांत साधारणपणे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. कार्यालयातील टेबलावर याच्या सहा ते दहा पट उजेड असतो. प्रकाशाने झालेली हानी साचत जाते आणि भरून येत नाही. एका फ्लॅशने काही होत नाही, असे म्हणणारे शेकडो जण दिवसभरात एकाच भिंतीसमोर उभे राहत असतात.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी लेणी सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे. चित्रांचे विषय, विशेषतः जातककथा, घरूनच वाचून जाव्यात; छायाचित्रांचे पुस्तक आधी चाळले तर अंधारातही नेमके काय शोधायचे ते कळते. लेण्यात शिरल्यावर मोबाइलचा पडदा बंद करावा, कारण त्याच्या उजेडाने सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. शक्यतो सकाळी लवकर जावे आणि सगळ्या लेण्यांतून धावण्यापेक्षा चार लेण्यांत निवांत थांबावे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने ज्या मंद उजेडात ही चित्रे रंगवली, तेवढ्याच उजेडात ती आजही दिसतात. मात्र त्यासाठी भिंतीपासून हातभर दूर, शांतपणे काही मिनिटे उभे राहावे लागते.